डोहाळ्यांची बिस्किटं

माझ्या हाताला चव आहे, असं मी नाही, सगळी रेजिना म्हणते. रेजिना हे कॅनडातलं आमचं शहर, आणि सगळी म्हणजे आमच्या मराठी मंडळातली वीस-पंचवीस घरं, पण आमच्यासाठी तीच रेजिना. गणपतीचे मोदक माझ्याकडे, दिवाळीचे चिरोटे माझ्याकडे, आणि कोणाचे सासू-सासरे भारतातून आले की पुरणपोळीसाठी फोनही मलाच. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत माझ्याच ओट्यापाशी एका बिस्किटाने माझ्या नाकी नऊ आणले, हे मी आपण होऊन सांगते आहे, याचं थोडं कौतुक व्हायला हवं.

सून आमच्याकडे राहायला आली होती. लेक आणि ती कॅल्गरीला असतात. लेकाला कंपनीने दीड-दोन महिन्यांसाठी उत्तरेला साइटवर पाठवलं. सुनेला सातवा लागलेला, तिचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही करता येणारं. तेव्हा लेकाने तिला गाडीने आमच्याकडे आणून सोडलं आणि तो गेला. सून इथलीच, रेजिनापासून दोन तासांवरच्या एका शेतावर वाढलेली. ते शेत आता विकलं गेलं आहे. तिची आई लग्नाच्या आदल्या वर्षी गेली आणि वडील मुलाकडे व्हँकुव्हरला राहायला गेले. माहेर असं तिला इथे उरलं नव्हतं. म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं की हे दोन महिने तिचं माहेर मीच.

तिने मात्र तसं काही ठरवलेलं नव्हतं. मुलगी गुणी. उठल्यावर पांघरुणाची घडी, खाल्ल्यावर ताटली डिशवॉशरमध्ये, आणि पुढ्यात काहीही ठेवलं की एकच शब्द, ‘लव्हली’. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, इथे मी ते मराठीत लिहिते आहे, पण हा शब्द आहे तसाच ठेवते, कारण त्याने माझं डोकं खाल्लं होतं. पोहे लव्हली. वरणभात लव्हली. कोंबडीचा रस्सा मी तिच्यासाठी तिखट न घालता केला, म्हणजे खरं तर वाया घालवला, तोही लव्हली. आणि प्रत्येक वेळी ताटात निम्मं तसंच. मग ती ‘थँक यू, आई’ म्हणून बेसमेंटमध्ये कामाला जायची आणि मी ते निम्मं डब्यात भरून ठेवायचे. फ्रिजमध्ये डब्यांना जागा पुरेना.

अशात ती एकदा क्लिनिकमधून आली आणि बूट काढता काढता म्हणाली, “बाळ छान आहे. माझं वजन मात्र हवं तेवढं वाढत नाहीये. जास्त खा म्हणाल्या डॉक्टर.”

हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या घरात राहून एक गर्भारशी अर्धपोटी उठते, आणि तीही माझी सून! लेकाला फोनवर कोणत्या तोंडाने सांगणार होते? गावभर नाव, आणि माझ्याच नातवंडापर्यंत माझा घास पोचत नव्हता. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. त्या संध्याकाळी आमच्या ह्यांना विनाकारण बोलणी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला टेबलाशी बसवलं.

“तुला काय खावंसं वाटतं, सांग.”

“काहीही चालेल, आई.”

“काहीही हा पदार्थ मला येत नाही.”

ती कसनुसं हसली. मग मी तिला डोहाळे म्हणजे काय ते सांगितलं. आमच्याकडे गर्भार बाईला जे खावंसं वाटेल ते घरच्यांनी पुरवायचं असतं. आंबट, गोड, चिंच, माती, काय वाटेल ते. यात उपकार नाहीत, तो तिचा हक्क आहे. आणि नाही पुरवलं, तर जन्मलेल्या बाळाची लाळ गळत राहते.

“लाळ?”

“लाळ. शर्ट भिजेपर्यंत. मग सगळे म्हणणार, आजीने डोहाळे पुरवले नाहीत.”

यावर ती खरी हसली. मग खिडकीतून बाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाली, “सॉसेज बिस्किट. माझी आई करायची तसं. पण राहू दे, आई, फार खटाटोप असतो.”

हे बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं आपलं बिस्किट नव्हे. हा एक खारट, फुगलेला, तळहाताएवढा गोल पाव असतो, आत पदर सुटलेले. तो गरम असताना मधोमध उघडायचा आणि त्यात मसाला घातलेल्या खिम्याची तव्यावर भाजलेली टिक्की ठेवायची. तो खिमा म्हणजे सॉसेज. त्यांच्या शेतावर म्हणे फेब्रुवारी-मार्चमध्ये गाई व्यायला लागायच्या. वडील आणि भाऊ उजाडायच्या आत गोठ्यात जायचे, आणि ते परत यायच्या वेळी आई ओव्हनमधून बिस्किटांचा ट्रे काढायची. सगळे उभ्याउभ्याच खायचे, अंगातले कोट न काढता.

“मी ड्राइव्ह-थ्रूमधून घेऊन येतो ना,” आमचे हे म्हणाले. “दहा मिनिटांत.”

“ती वेगळी असतात,” ती म्हणाली आणि लगेच घाईने, “म्हणजे, तीही लव्हली असतात.”

मी मनात पदर खोचला. कृती विचारायची मला गरजच वाटली नाही. मैदा, लोणी, ताक. यात माझ्यासाठी नवीन ते काय?

पहिल्या दिवशी मी मैद्यात कडकडीत मोहन घातलं. खुसखुशीत व्हायला हवं तर मोहन कसं, हात लावला की चटका बसेल असं हवं, हे मला आईने शिकवलं आहे आणि मी मंडळातल्या निम्म्या मुलींना शिकवलं आहे. मग बेकिंग पावडर आणि ताक घालून गोळा केला, मुठीने चांगला तिंबला, ओल्या फडक्याखाली तासभर मुरू दिला. टिक्कीसाठी चिकनचा खिमा होता, त्यात आलं, लसूण, कोथिंबीर आणि तिच्याकडे बघून अर्धीच मिरची. ओव्हनमधून बिस्किटं आली ती जशी गेली होती तशीच, फक्त रंग बदलून. उचलून ताटलीत ठेवलं की आवाज यायचा.

“लव्हली,” ती म्हणाली.

निम्मं खाल्लं. बाकीचं निम्मं मला नंतर कचऱ्याच्या डब्यात कागदी रुमालात नीट गुंडाळलेलं सापडलं. ती घडी बघून मला रागच येईना. एवढ्या काळजीने कोणी टाकलं नसतं. आमच्या ह्यांनी उरलेली बिस्किटं चहात बुडवून संपवली आणि म्हणाले, “मठऱ्या छान झाल्यात.”

मग मला वाटलं, चूक खिम्यात असणार. सॉसेज डुकराच्या मांसाचं असतं. आम्ही खाणारे लोक, मटण, कोंबडी, मासे सगळं चालतं, पण डुकराचं आमच्या घरात कधी आलेलं नव्हतं. का, ते सांगता आलं नसतं. आलं नव्हतं, एवढंच.

“अहो, जरा पोर्कचा खिमा घेऊन या.”

त्यांनी टॅब्लेट खाली ठेवला. “तुझी तब्येत बरी आहे ना?”

“सुनेचे डोहाळे आहेत.”

“मग वाघाचा आणतो,” असं म्हणत ते कोट घालायला गेले. परत आले ते पिशवीत पिशवी, त्यात आणखी एक पिशवी घेऊन. दुकानात त्यांना मंडळाचे खजिनदार भेटले होते आणि त्यांच्याही ट्रॉलीत तेच होतं म्हणे. दोघांनी विंटर टायर्सवर बोलून एकमेकांचा निरोप घेतला.

दुसऱ्या खेपेला सुनेने आतली टिक्की पूर्ण खाल्ली. मी अगदी बारकाईने पाहिलं. बिस्किटाचे वरचे-खालचे दोन्ही भाग मात्र ताटलीत तसेच होते, आणि शब्दही तोच. म्हणजे गोम बिस्किटात होती तर. मी विचार केला आणि माझ्या बुद्धीप्रमाणे निदान केलं, मळण्यात कसूर राहिली.

तिसऱ्या दिवशी मी सकाळीच गोळा घेतला आणि त्याला असा काही तिंबायला लागले की ओटा हलत होता. बाहेर उणे तीस आणि मला घाम. मधेच सहज मान वळवली तर सून जिन्याच्या तोंडाशी उभी. एक हात पोटावर, अंगात लेकाचा जुना स्वेटर. ती माझ्या मुठींकडे बघत होती आणि तिचा चेहरा असा झाला होता, जसा कोणी मांजराच्या पिल्लाला पिळताना पाहिल्यावर होईल.

“काय झालं?”

“काही नाही. छान चाललंय.”

“खरं सांग.”

“नाही, खरंच, लव्हली...”

“पुरे!” मी म्हणाले. आवाज जरा जास्तच चढला. “हे बघ, आमच्या घरात लव्हली कोणी म्हणत नाही. माझी नणंद पहिला घास घेते आणि विचारते, मीठ संपलंय का घरातलं? माझी आई माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या हातचं जेवली आणि म्हणाली, भात मोकळा करायला कधी शिकणार? त्यांचं माझ्यावर प्रेम आहे म्हणून त्या बोलतात. तू पाहुणी असल्यासारखी जेवतेस आणि अर्धपोटी उठतेस. मला रात्री झोप लागत नाही. बाळाला काही झालं तर मी काय करू?”

शेवटचं वाक्य मला बोलायचं नव्हतं. ते आपोआप बाहेर आलं आणि माझे डोळे भरले. हात पिठाचे, त्यामुळे पुसताही येईनात.

ती ओट्यापाशी आली आणि म्हणाली, “फार मळताय तुम्ही. फारच. बिस्किट मळायचंच नसतं.”

“मळायचं नाही?”

“अजिबात. आणि लोणी गरम नाही घालायचं. गार हवं. दगडासारखं. आणि ते फडक्याखाली तासभर ठेवता ना, तोपर्यंत बेकिंग पावडरचा जोर संपून जातो.” एकदा सुरू झाली ती थांबेचना. “आणि पहिलं बिस्किट तर मला दातांनी तोडता आलं नाही. मी ते चोखून खाल्लं.”

चोखून! तिने घाबरून तोंडावर हात ठेवला. मला आधी नाकाला मिरची झोंबल्यासारखं झालं, मग आमच्या ह्यांच्या मठऱ्या आठवल्या आणि हसू फुटलं. तिलाही फुटलं. पोट धरून हसणं म्हणतात, ते तिला शब्दशः करावं लागलं.

मग तिने माझा एप्रन मागून घेतला. नाडी पोटावरून बांधता येईना, तेव्हा गळ्यात नुसताच लटकवला. फ्रीजरमधलं लोणी काढून तिने माझ्या गाजराच्या किसणीवर किसलं, बेकिंग पावडर मिसळलेल्या नव्या मैद्यात बोटांच्या टोकांनी नुसतं चोळलं, आणि परातच उचलून निघाली दाराकडे.

“अगं, कुठे?”

“डेकवर. गार व्हायला.”

उणे तीसमध्ये परात घरामागच्या उघड्या डेकवरच्या बर्फात ठेवून ती आत आली. त्यांच्या शेतावर असंच करायचे म्हणे. इतकी वर्षं या थंडीला मी शिव्या देत आले, फावड्याने बर्फ उपसता उपसता पाठीचा कणा गेला, पण तिला कामाला लावावं असं मला कधी सुचलं नव्हतं.

परात परत आली. ताक माझंच, घरच्या दह्याचं. तिने बोट बुडवून चाखलं आणि “हे चालेल,” म्हणाली. लव्हली नाही, चालेल. मला इतकं बरं वाटलं. ताक ओतून तिने चमच्याने दोन-चार वेळा फिरवलं आणि ते सगळं ओट्यावर उपडं केलं. काय ते ध्यान! कुठे कोरडं पीठ, कुठे ओलं, मधे लोण्याचे तुकडे दिसतायत. असं पीठ माझ्या आईने पाहिलं असतं तर परात माझ्या डोक्यात घातली असती. माझा हात माझ्या ताब्यात राहिला नाही. मूठ वळली, पुढे झाली, आणि गोळ्यावर पडणार इतक्यात—

फट्.

तिने माझ्या हातावर चापट मारली. चांगली सणसणीत.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. “सॉरी, सॉरी आई, माझी आई मला असंच... मी मुद्दाम नाही...”

“काय झालं?” आमचे हे दिवाणखान्यातून ओरडले.

“सुनेने मारलं मला!”

“शेवटी कोणीतरी धीर केला,” असं उत्तर आलं.

मी हात चोळत तिच्याकडे पाहिलं. कधीपासून माझी धडपड चालली होती तिचं माहेर व्हायची, आणि आत्ता, या चापटीसरशी, मला वाटलं की झाले एकदाची. पाहुणी म्हणून राहताना कोणी कोणाच्या हातावर चापट मारत नाही. “पुढे काय करायचं ते सांग,” मी म्हणाले.

पुढे तिने ते बेढब पीठ तळव्यांनी थापून चौकोनी केलं, त्याची घडी घातली, परत थापलं, परत घडी. तिसऱ्या घडीला माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“थांब, हे मला येतं! हे चिरोटे आहेत!”

आणि मी घडी घातली. माझी घडी कोपऱ्याला कोपरा लागलेली, सरळ, आयुष्यभराची सवय. तिने वाकून बाजूने पाहिलं. पदर दिसत होते. “हे कुठे शिकलात?” तिने विचारलं, आणि मी तिला सांगितलं की दिवाळीला ये, मग दाखवते, फक्त तेव्हा चापट मारायचा हक्क माझा. गोल कापायला मी स्टीलची वाटी दिली. पुऱ्या कापताना आपण ती जरा फिरवतो तशी मी फिरवली, तर लगेच डोळे वटारले गेले. फिरवली की पदर चिकटतात, मग फुगत नाहीत. मी निमूटपणे सरळ दाबून कापली.

खिम्यात तिने मिरी, मेपल सिरप आणि सेज नावाचा एक वाळका पाला चुरडून घातला. त्याचा वास तुळस आणि ओवा यांच्या मधला कुठलातरी. टिक्क्या थापायला मात्र माझा हात लागला, तिथे तिने माघार घेतली. ओव्हनमध्ये बिस्किटं फुगायला लागली तेव्हा आम्ही दोघी काचेशी वाकून बघत बसलो, आणि ती उठताना मला तिला हात द्यावा लागला आणि मला उठवायला आमच्या ह्यांना यावं लागलं.

तिने उभ्यानेच खाल्लं. ओट्याला टेकून, स्वेटरच्या बाह्या पुढे ओढून. मी बसायचा आग्रह केला नाही. एक संपलं, दुसरं संपलं. ओट्यावर पडलेले कण बोटाने टिपून खाल्ले. मी शब्दाची वाट बघत होते.

“आईची जास्त छान व्हायची,” ती म्हणाली.

“का गं? काय कमी पडलं?”

“उंच व्हायची आणखी. आणि सेज ती परसातलं घालायची.” मग तिचे डोळे वाहायला लागले, पण तोंड हसत होतं आणि तिसऱ्या बिस्किटाकडे हात गेलेला. त्या सकाळी ती बेसमेंटमध्ये कामाला बसलीच नाही. तिने लॅपटॉप वर जेवणाच्या टेबलावर आणला, आणि एकेक मीटिंग संपली की आईबद्दल बोलायची. आई गाईंना नावं कशी ठेवायची, वडिलांना गाडी मागे घेताना कशी ओरडायची, शेवटच्या हिवाळ्यात तिला स्वतःला काही जात नव्हतं तरी ट्रे कसा भरून काढायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते. मी मधे मधे चहा करत राहिले.

त्यानंतर दर दोन दिवसांनी परात डेकवर जायची. इतर वेळी आमटीत गूळ जास्त झाला, भाजी फार शिजली, हेही मला कळायला लागलं, आणि वजनकाट्यावर डॉक्टरांचं समाधान झालं. आमचे हे म्हणायचे, तुला आता दोन नणंदा झाल्या.

नात एप्रिलमध्ये झाली, कॅल्गरीला. मी महिनाभर जाऊन राहून आले. आता ती सहा महिन्यांची आहे. परवा व्हिडिओ कॉलवर पाहिलं तर बाईसाहेबांची लाळ नुसती धो धो. एक लाळेरं भिजलेलं, दुसरं बदलतायत तोवर तेही ओलं.

“अगंबाई!” मी म्हणाले. “केवढी ही लाळ! डोहाळे तर सगळे पुरवले होते ना मी?”

सुनेने बाळाची हनुवटी पुसली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, “सगळे नाही हं, आई. तुझे पहिले दोन घाणे आठव.”

इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच असतं. तरी मी इथे ‘तुझे’च लिहिणार आहे.